विषयांची मोट आणि तिचा दोर

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात आम्ही संसर्गजन्य रोगांचा पाठ घेत होतो. फळ्यावर नेहमीचा तक्ता काढला होता. रोग, रोगकारक जंतू, प्रसार, प्रतिबंध असे चार रकाने. प्लेगच्या ओळीत 'उंदरांवरील पिसवा' असे लिहिले आणि मागच्या बाकावरून एक मुलगी उठली.

"सर, हा प्लेग म्हणजे रँडसाहेबाच्या वेळचाच ना?"

"हो, तोच."

"मग तेव्हा पिसवा का नाही मारल्या? लोकांची घरं का धुऊन काढत होते?"

तास संपायला पाच मिनिटे उरली होती आणि तक्ता अर्धा व्हायचा होता. आम्ही म्हणालो, "तो इतिहासाचा भाग झाला. बाईंना विचार." तिने इतिहासाच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "पिसवांचं तुमच्या विज्ञानाच्या सरांना विचार." प्रश्न दोन वर्गांच्या मधल्या व्हरांड्यातच राहिला.

ती मुलगी आज एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवते. गेल्या उन्हाळ्यात ती घरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत एका विद्यापीठाचे गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक होते. 'लिबरल स्टडीज' या विषयातली आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर पदवी. दोन वर्षे मुदत, आणि शुल्क तिच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त. विषयांच्या यादीत तत्त्वज्ञान होते, हवामानबदल होता, चित्रपटाचा आस्वाद होता, डेटा सायन्स होते, नेतृत्वगुणही होते. तिने विचारले, "सर, घेऊ का? तुम्ही तेव्हा दिलं नाहीत ते उत्तर इथं मिळेल का?"

प्रश्नातला टोमणा आम्हाला लागला, आणि तो रास्तही होता. म्हणून या पदवीचा थोडा खोलात जाऊन विचार करावा असे ठरवले. आपल्यापैकी अनेकांसमोर, विशेषतः २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून, अशी माहितीपत्रके येत असतील. त्यांच्याकडे कसे पाहावे, याविषयी आम्हाला जे वाटते ते येथे मांडत आहोत.

नावाचा घोटाळा

प्रथम नाव पाहू. 'लिबरल आर्ट्‌स' म्हटले की आपल्याला कला शाखा आठवते आणि विज्ञानाचा शिक्षक पान उलटतो. हा भाषांतराने केलेला घोटाळा आहे. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'स्वतंत्र माणसाला शोभणाऱ्या विद्या' असा आहे. मध्ययुगीन युरोपात त्या सात मानल्या जात. व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्व या तीन भाषेच्या विद्या. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र या चार गणिताच्या विद्या. संगीत गणितात कसे, असे कोणी विचारील. तारेची लांबी निम्मी केली की स्वर एका सप्तकाने वर जातो, हे ज्याने करून पाहिले असेल त्याला याचे नवल वाटणार नाही.

म्हणजे सातांपैकी चार विद्या आज आपण ज्याला विज्ञान-गणित म्हणतो त्या बाजूच्या होत्या. आमच्या विद्यार्थिनीने आणलेल्या माहितीपत्रकात वीस विषय होते. त्यांपैकी गणित आणि प्रयोग ज्यात खरोखर करावे लागतील असे दोनच. बाकीचे 'विज्ञानाविषयी' होते. विज्ञान आणि विज्ञानाविषयी यांत पोहणे आणि पोहण्याविषयी वाचणे यांच्याइतके अंतर आहे.

पहिली पदवी शिक्षकांसाठी होती

ही पदवी मुळात अमेरिकेतली. तिचा उगम आपल्याला जवळचा वाटेल असा आहे. १९५३ साली कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठाने लिबरल स्टडीजमधील एम. ए. सुरू केली, ती शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांनी यायचे, अभ्यास करायचा आणि काही वर्षांत पदवी पूर्ण करायची. १९६२मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने आणि १९७०मध्ये डार्टमथ कॉलेजने अशा पदव्या सुरू केल्या. १९७५मध्ये असे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांचा संघही स्थापन झाला.

यामागचा विचार साधा होता. शिक्षकाला पुढे शिकायचे असेल तर त्याच्यापुढे दोन वाटा असत. एक अध्यापनशास्त्राची, म्हणजे कसे शिकवावे याची. दुसरी एकाच विषयात अधिकाधिक खोल जाण्याची. पण शाळेतल्या शिक्षकासमोर बसलेले मूल प्रश्न विचारताना विषयाचे कुंपण पाहत नाही. त्याच्या प्रश्नाचा माग काढता येईल अशी तिसरी वाट असावी, असा तो प्रयत्न होता.

हेतू चांगला होता यात आम्हाला शंका नाही. आमची तक्रार त्याच्या बांधणीविषयी आहे.

शिवण कोणी घालायची?

या पदवीचा सर्वसाधारण आराखडा पाहा. सुरुवातीला एक पायाभूत अभ्यासक्रम, मधे आवडीने निवडायचे आठ-नऊ अभ्यासक्रम आणि शेवटी एक प्रबंध किंवा प्रकल्प. एकूण साधारण तीस श्रेयांक. निवडीचे स्वातंत्र्य हे या पदवीचे भूषण म्हणून सांगितले जाते. प्रौढ माणसाला काय शिकायचे ते त्याचे त्याने ठरवावे, हे तत्त्व म्हणून कोणालाही पटेल.

पण व्यवहारात काय होते? इतिहासाचे प्राध्यापक इतिहास शिकवून जातात, जीवशास्त्राचे प्राध्यापक जीवशास्त्र शिकवून जातात. दोघे एकमेकांच्या वर्गात पाऊल टाकत नाहीत. तुकडे उत्तम कापडाचे असतात, पण शिवण घालण्याचे काम विद्यार्थ्यावर सोपवलेले असते, आणि तेच तर तो शिकायला आलेला असतो. शेवटी हातात येते ती चिंध्यांची पिशवी. तिला गोधडी म्हणता येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा नमुना म्हणजे अमेरिकेतलेच सेंट जॉन्स कॉलेज. तिथे १९३७पासून थोर ग्रंथांच्या वाचनावर आधारलेले पदवीशिक्षण आहे. १९६७मध्ये त्यांनी सांता फे येथे पदव्युत्तर अभ्यास सुरू केला, आणि तोही मुळात शिक्षकांसाठीच. तिथे व्याख्याने नाहीत, पाठ्यपुस्तके नाहीत. मूळ ग्रंथ वाचायचे आणि टेबलाभोवती बसून त्यावर बोलायचे. अभ्यासाचे पाच विभाग आहेत: तत्त्वज्ञान आणि धर्मविचार, राजकारण आणि समाज, साहित्य, गणित आणि निसर्गविज्ञान, इतिहास. पदवीसाठी यांतले चार पुरे करायचे. गणिताच्या विभागात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेलाही युक्लिडची प्रमेये फळ्यावर सिद्ध करून दाखवावी लागतात, आणि शिकवणारा प्राध्यापक कोणत्याही विभागात शिकवायला तयार असावा लागतो. कुंपण ओलांडण्याची सक्ती आधी शिक्षकावर आहे. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

दोष इथेही आहेत. ग्रंथांची यादी बहुतांशी पश्चिमेची आहे. भारत, चीन आणि जपान यांच्या अभिजात ग्रंथांसाठी नव्वदच्या दशकात त्यांना वेगळी पदवी काढावी लागली, आणि तीत संस्कृत किंवा अभिजात चिनी शिकण्याची सोय झाली. दुसरे म्हणजे थोर ग्रंथ वाचून विज्ञानाचा पाया कळतो, पण त्यावर आज कोणता मजला चढला आहे ते कळत नाही. तरीही दोन नमुन्यांतून एक निवडायचा झाला, तर आम्ही दुसरा निवडू. तिथे निदान शिवण कशी घालतात ते दिसते.

एका भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट

विषयांची सरमिसळ केल्याने विज्ञानाच्या शिक्षकाला नेमके काय मिळते, हे सांगायला थॉमस कून यांचे उदाहरण पुरेसे आहे. १९४७ साली ते हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेटसाठी काम करत होते. विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कोनंट स्वतः रसायनशास्त्रज्ञ. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विज्ञान कसे चालते ते इतिहासातल्या प्रकरणांमधून कळावे, म्हणून त्यांनी एक अभ्यासक्रम आखला होता. त्याच्या तयारीसाठी कून यांनी ॲरिस्टॉटलचे भौतिकशास्त्र वाचायला घेतले.

प्रथम त्यांना ते निव्वळ चुकांचे गाठोडे वाटले. पण जीवसृष्टी आणि राज्यव्यवस्था यांविषयी इतके बारकाईने लिहिणारा माणूस गतीविषयी इतका कसा चुकेल, हा प्रश्न त्यांना सुटेना. मग लक्षात आले की ॲरिस्टॉटलच्या 'गती' या शब्दात सगळेच बदल येतात. दगडाचे पडणे, बीजाचे झाड होणे, आजारी माणसाचे बरे होणे, हे सर्व त्याच्या लेखी एकाच जातीचे. शब्दाचा अर्थ उलगडला आणि गाठोड्याची सुसंगत विचारव्यवस्था झाली. याच धाग्यावरून पुढे कून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले आणि १९६२मध्ये वैज्ञानिक क्रांतीच्या रचनेवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक आले.

आता आपल्या वर्गाकडे या. गाडी चालू ठेवायला सतत ढकलावी लागते, म्हणजे गतीला बल लागतेच, असे आपल्या किती विद्यार्थ्यांना वाटते! आपण उत्तर चूक ठरवतो आणि न्यूटनचा पहिला नियम घोकायला लावतो. ज्या शिक्षकाने ॲरिस्टॉटल वाचला आहे, त्याला कळते की हा मुलगा एका जुन्या, वजनदार विचाराजवळ उभा आहे आणि तिथून पुढे यायला माणसाला शतके लागली. तो घर्षणाचा प्रयोग आधी करतो, नियम नंतर सांगतो. इतिहास वाचल्याने त्याचा विज्ञानाचा तास बदलतो. ज्या पदवीने असा एक तासही बदलत नाही, ती घेऊन शिक्षकाचा काय फायदा?

प्लेगची कसोटी

म्हणून आम्ही या पदवीला आमची एक कसोटी लावतो. व्हरांड्यात राहिलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर ती देऊ शकते का? उत्तर शोधायला काय काय लागते ते पाहू.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोन वर्षांपूर्वी, १८९४मध्ये, हाँगकाँगला येर्सिन यांनी शोधला होता. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी यांची तुलना केली. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. मार्चमध्ये पुण्यात रँड यांच्या हाताखाली सैनिकांकडून घरझडत्या सुरू झाल्या. १० मार्चला, रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या.

आणि पिसवा? पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत त्यांचा प्रयोग केला तो २ जून १८९८ रोजी, म्हणजे रँडवधानंतर जवळजवळ वर्षाने. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून उडी मारून जाऊ शकत होत्या त्या फक्त पिसवा. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसलेला आजारी उंदीर ठेवला, तेव्हा रोग पसरला नाही. एवढे होऊनही बहुतेक तज्ज्ञांना ते पटले नाही. १९०५पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनंतरच पिसवांचे कारण सर्वमान्य झाले.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: पिसवा मारल्या नाहीत, कारण पिसवा दोषी आहेत हे कोणाला सिद्ध करता आले नव्हते. जंतू माहीत होता, त्याची वाट माहीत नव्हती. रोग घाणीतून आणि संसर्गातून पसरतो, या समजुतीवर घरे धुतली गेली, सामान जाळले गेले, माणसे उचलून नेली गेली.

पण येथे थांबलो तर उत्तर अर्धेच राहते. अज्ञानामुळे घरे धुतली गेली हे मान्य, पण ती धुण्यासाठी बंदूकधारी सैनिक का लागले? पुरुष डॉक्टरांनी स्त्रियांना तपासण्याची पद्धत का चालू राहिली? याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळत नाही. त्यासाठी त्या काळची वर्तमानपत्रे, सरकारी अहवाल आणि खटल्यांचे कागद वाचावे लागतात, आणि कोण कोणाविषयी लिहीत आहे याचे भान ठेवावे लागते. उलट, इतिहासाच्या बाईंना विज्ञानाच्या सरांकडून एक प्रश्न उसना घ्यावा लागतो: घरे धुतली आणि गटारे उपसली, तर तिथले उंदीर कुठे गेले असतील? भायखळ्याच्या तुलनेतून निष्कर्ष काढायला गणिताचे शिक्षक हवेत. आणि कैद्याची संमती म्हणजे खरोखर संमती का, हा प्रश्न नीतीचा आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२०मध्ये कोविडची साथ आली, तेव्हा आपल्या राज्यात १८९७चाच कायदा लागू झाला. रोगाविषयी पुरेसे कळलेले नसताना सरकारने किती कठोर व्हावे, हे पुन्हा ठरवावे लागले. आपल्यासमोर बसलेल्या मुलांना नागरिक म्हणून ते आणखी कधी ठरवावे लागेल, कोणी सांगावे!

मोट बांधायला दोर लागतो. हा दोर म्हणजे एक खरा प्रश्न. प्लेगच्या प्रश्नाने जीवशास्त्र, इतिहास, संख्याशास्त्र आणि नीती एकत्र बांधली जातात, कारण त्यांतले एक काढले तर उत्तर अपुरे राहते. चित्रपटाचा आस्वाद आणि डेटा सायन्स यांना बांधणारा असा दोर माहितीपत्रकात आम्हाला सापडला नाही.

उसन्या शब्दांचा धोका

दोर असला तरी एक धोका उरतो. न्यूयॉर्क विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी 'सोशल टेक्स्ट' या संस्कृतिअभ्यासाच्या नियतकालिकाला एक लेख पाठवला. विद्याशाखांच्या सीमा ओलांडण्याचाच तो लेख. त्यात पुंजगुरुत्वाकर्षणातल्या भारदस्त संज्ञा आणि समाजशास्त्रातली भारदस्त वाक्ये एकमेकांत गुंफलेली होती, आणि सोकल यांनी मुद्दामच त्यात निरर्थक विधाने पेरली होती. १९९६मध्ये लेख छापून आला. मग सोकल यांनी दुसऱ्या नियतकालिकात जाहीर केले की ती थट्टा होती. लेख छापण्यापूर्वी तो कोणा भौतिकशास्त्रज्ञाला दाखवलाच गेला नव्हता.

या प्रकरणावरून सगळ्या आंतरविद्याशाखीय अभ्यासाला हसणारे लोक आहेत. आम्हाला ते मान्य नाही. एका लेखाने एका संपादक मंडळाची हलगर्जी सिद्ध होते, एका संपूर्ण वाटेची निरर्थकता नव्हे. पण त्यातला धडा घ्यायला हवा. प्रत्येक विषयाची खरे-खोटे ठरवण्याची आपली रीत असते. भौतिकशास्त्र मोजमाप मागते, इतिहास कागद मागतो आणि त्याची उलटतपासणी करतो, गणित सिद्धता मागते. शेजारच्या विषयाचे शब्द उसने आणायचे असतील, तर त्याची तपासणीची रीतही सोबत आणावी लागते. 'पुंजभौतिकीनेही हेच सांगितले आहे' असे म्हणून वाटेल ते खपवणारी व्याख्याने आपण सर्वांनी ऐकली आहेत. ती देणाऱ्यांनी उसने घेतले, पण तारण ठेवले नाही.

मग घ्यावी का?

आम्ही आमच्या विद्यार्थिनीला 'घेऊ नकोस' असे सांगितले नाही. विद्यापीठाला चार प्रश्न विचार, एवढे सांगितले.

पहिला प्रश्न: दोन वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक एकाच वेळी एकाच वर्गात उभे राहून एकच प्रश्न शिकवतात, असा किमान एक अभ्यासक्रम आहे का?

दुसरा: विज्ञानाच्या माणसाला मूळ कागदपत्रे वाचावी लागतात का, आणि साहित्याच्या माणसाला स्वतःच्या हाताने मोजमाप करावे लागते का? दोघांपैकी एकालाच सवलत असेल, तर काहीतरी चुकते आहे.

तिसरा: शेवटचा प्रबंध कोण तपासतो? प्लेगवरचा प्रबंध इतिहासकार आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या दोघांच्या हातून गेला पाहिजे.

चौथा प्रश्न विद्यापीठाला नव्हे, स्वतःच्या संस्थेला विचारायचा. नेमणूक आणि बढतीच्या अर्जात 'पदवीचा विषय' असा रकाना असतो. त्यात या पदवीचे नाव चालेल का? शिक्षकाची कमाई आणि दोन वर्षे यांचा हा सवाल आहे, म्हणून पैसे भरण्याआधी लेखी उत्तर घ्यावे. विद्येची आवड असणाऱ्याने व्यवहार पाहू नये असे म्हणणारे बहुधा शुल्क घेणाऱ्यांच्या बाजूचे असतात.

तिने विद्यापीठाला पत्र पाठवले. पहिल्या तीन प्रश्नांना जे उत्तर आले, त्यात माहितीपत्रकातलेच परिच्छेद पुन्हा छापलेले होते. या वर्षी तिने नाव घातलेले नाही. पुढे कुठे चांगली बांधणी दिसली तर घालीन, म्हणते. ती घालो, आम्हाला आनंदच होईल. ज्या पदवीची सुरुवात शिक्षकांसाठी झाली, ती शिक्षकाच्या उपयोगी पडलीच पाहिजे, आणि तशी ती पडत नसेल तर बोलण्याचा पहिला हक्क शिक्षकांचाच आहे.

दरम्यान तिने एक काम केले. आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना बरोबर घेऊन नववीचे दोन तास सलग मागून घेतले आणि दोघींनी मिळून प्लेग शिकवला. फळ्यावर तोच आमचा तक्ता होता: रोग, रोगकारक जंतू, प्रसार, प्रतिबंध. फक्त तिने त्याला पाचवा रकाना जोडला होता, 'हे कधी आणि कसे कळले?' प्लेगच्या ओळीत तिने लिहिले, '१८९८, कराची, बरणीतला उंदीर'. मग मुलांना १८९७ साल दाखवले आणि विचारले, तुम्ही तेव्हा पुण्याचे अधिकारी असता तर काय केले असते?

ते दोन तास पुरले नाहीत, असे ती सांगत होती.